एकाच दिवशी सगळा शेक का देत नाहीत?

मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. साकोलीहून नागपूरला जाणाऱ्या एसटीत आमच्या गावचे एक काका भेटले. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि आता रेडिएशन सुरू होतं. त्यांचा तो सोळावा की सतरावा दिवस. मी रेडिएशनवरच पीएचडी करते हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. लाखनी गेल्यावर त्यांनी विचारलं, "काहून माय, येकाच दिवशी सारा शेक देऊन मोकळे काहून नाही होत हे लोक? तीस दिवस काहून बोलावतेत?"

मी त्यांना नेहमीचं उत्तर दिलं, "काका, एकदम दिला तर सहन होणार नाही." ते "हो" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बांधीत धान कापायला आलं होतं. नागपूर येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की माझं उत्तर फार वरवरचं होतं. तीसच का? वीस का नाहीत? पाच का नाहीत? आणि मधे चार दिवस चुकले तर काय बिघडतं?

आज हेच प्रश्न आपण नीट समजून घेऊ. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा पीएचडी प्रवेशाची तयारी करत आहात, म्हणून शेवटी यातून संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो तेही बघू. एक गोष्ट आधीच सांगते: हा लेख शिकण्यासाठी आहे. कुणाच्या उपचाराचा निर्णय यावरून घेऊ नका, तो त्या रुग्णाच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

'शेक' म्हणजे गरम करणं नाही

आपल्याकडे रेडिएशनला सर्रास 'शेक' म्हणतात. त्यामुळे आत काहीतरी भाजतात अशी समजूत होते. थोडं गणित करू. रेडिएशनचा डोस 'ग्रे' या एककात मोजतात. १ ग्रे म्हणजे १ किलो ऊतीत १ ज्यूल ऊर्जा शोषली जाणं. काकांना रोज २ ग्रे मिळत होते, म्हणजे किलोमागे २ ज्यूल. १ किलो पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला सुमारे ४१८४ ज्यूल लागतात. म्हणजे रोजच्या शेकाने तापमान वाढतं ते अर्ध्या हजारांश अंशाएवढं. चहाचा एक घोट याच्या कितीतरी पट जास्त ऊब देतो.

मग एवढ्याशा ऊर्जेने गाठीतल्या पेशी मरतात कशा? कारण ही ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही. क्ष-किरण पेशीत शिरले की इलेक्ट्रॉन उडवतात. ते इलेक्ट्रॉन थेट डीएनएला धडकतात, किंवा पेशीतल्या पाण्यापासून अतिशय क्रियाशील रेणू तयार करतात आणि ते डीएनए तोडतात. १ ग्रेमागे एका पेशीत डीएनएच्या एकेरी धाग्याच्या हजारेक तुटी होतात. दोन्ही धागे एकाच जागी तुटणं मात्र साधारण ४० वेळाच घडतं. एकेरी तूट पेशी सहज जोडते. दुहेरी तूट जोडणं अवघड असतं आणि ती चुकीची जोडली गेली तर पेशी पुढच्या विभाजनाच्या वेळी मरते. म्हणजे सगळा खेळ दुरुस्तीचा आहे. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

जाता जाता आणखी एक. काकांच्या घरी नातीला त्यांच्या मांडीवर बसू देत नव्हते, 'किरणं लागतील' म्हणून. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनमुळे रुग्ण किरणोत्सारी होत नाही. बल्ब बंद केल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. शरीरात किरणोत्सारी औषध देतात तेव्हाचे नियम वेगळे असतात, पण काकांचा प्रकार तो नव्हता.

मेंढ्यावरचा प्रयोग

राँटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये आणि काही महिन्यांतच लोक ते कॅन्सरवर वापरू लागले. सुरुवातीला अनेक डॉक्टर काका म्हणतात तसंच करत: एका किंवा मोजक्या बैठकांत मोठा डोस. गाठ विरघळायची, पण त्वचा आणि आजूबाजूचं मांस सडायचं.

१९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांच्या प्रयोगांनी दिशा बदलली. त्यांनी मेंढ्याचे वृषण घेतले. त्यात शुक्रपेशी सतत विभाजित होत असतात, म्हणून ते जणू 'गाठ' मानले. वरची त्वचा म्हणजे आजूबाजूची निरोगी ऊती. एकाच वेळी मोठा डोस दिला तर त्वचेला गंभीर इजा झाल्याशिवाय मेंढा निर्बीज होत नव्हता. तोच डोस काही दिवसांत विभागून दिला तर मेंढा निर्बीज झाला आणि त्वचा वाचली. पॅरिसमध्येच हेन्री कुटार यांनी हाच मार्ग माणसांवर, स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये वापरला आणि १९२२ मध्ये त्याचे निकाल मांडले. डोसचे छोटे भाग करून देण्याच्या या पद्धतीला फ्रॅक्शनेशन म्हणतात आणि रोजच्या एका भागाला फ्रॅक्शन. काकांचे 'तीस दिवस' म्हणजे तीस फ्रॅक्शन.

वृषण म्हणजे काही खरी गाठ नव्हे, तेव्हा ही तुलना तंतोतंत नव्हती. तरी त्यातून मिळालेली कल्पना टिकली. संशोधनात असं बरेचदा होतं.

काकांचा प्रश्न गणितात मांडू

मघाशी म्हटलं तसं, दुरुस्ती हाच मुद्दा. निरोगी ऊती दोन शेकांच्या मधल्या वेळात स्वतःला बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात. गाठीतल्या पेशींना तुलनेने ते कमी जमतं. हा फरक आकड्यात पकडण्यासाठी लिनिअर-क्वाड्रॅटिक मॉडेल वापरतात. प्रत्येक ऊतीला त्यात एक अल्फा-बीटा गुणोत्तर असतं. ते जास्त असेल तर त्या ऊतीला फ्रॅक्शनच्या आकाराने फारसा फरक पडत नाही. कमी असेल तर मोठं फ्रॅक्शन तिला फार जड जातं. सूत्र असं:

जैविक परिणामी डोस = एकूण डोस × (१ + एका फ्रॅक्शनचा डोस ÷ अल्फा-बीटा)

तोंडाच्या कॅन्सरसाठी अल्फा-बीटा साधारण १० धरतात. जबड्याचं हाड, त्वचेखालची ऊती यांना वर्षा-दोन वर्षांनी होणाऱ्या उशिराच्या दुष्परिणामांसाठी ३ धरतात. आता काकांचे ३० फ्रॅक्शन, प्रत्येकी २ ग्रे, एकूण ६० ग्रे घ्या.

गाठीसाठी: ६० × (१ + २/१०) = ७२
हाडासाठी: ६० × (१ + २/३) = १००

आता काका म्हणतात तसं एकाच दिवशी उरकू. गाठीवर ७२ एवढाच परिणाम हवा तर एकदम किती ग्रे द्यावे लागतील? समीकरण सोडवलं की उत्तर येतं सुमारे २२.३ ग्रे. हाडावर त्याचा परिणाम किती? २२.३ × (१ + २२.३/३) = सुमारे १८८.

गाठीला तेवढंच नुकसान, आणि जबड्याला १०० च्या जागी १८८. काकांना मी "सहन होणार नाही" म्हणाले, त्याचा अर्थ हा आहे. (एवढ्या मोठ्या डोसला हे मॉडेल कितपत लागू पडतं यावर तज्ज्ञांत वाद आहेत. म्हणून १८८ हा आकडा नेमका धरू नका, फरक कुठल्या बाजूला जातो तेवढं बघा.)

हे गणित स्वतः एकदा वहीत करा. वाचून समजल्यासारखं वाटतं, पण हातानं केल्यावरच डोक्यात बसतं.

मधे खंड पडला तर?

आता गोष्टीचा दुसरा भाग. बाविसाव्या फ्रॅक्शननंतर काका दहा दिवस गेलेच नाहीत. तोंड आतून सोलून निघालं होतं, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. त्यात धान कापणी आली, मजूर मिळेना. रोज पहाटे निघायचं, नागपुरात नंबर लागेपर्यंत बसायचं, मशीनवर काही मिनिटं आणि परत यायला रात्र. त्यांना वाटलं, बावीस झाले, आठच उरले, कापणी झाली की घेऊ. शेक कुठे पळून जातो?

शेक पळून जात नाही. गाठीतल्या पेशी मात्र थांबत नाहीत. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उरलेल्या कॅन्सर पेशी आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. १९८८ मध्ये विदर्स आणि सहकाऱ्यांनी डोके-मान कॅन्सरच्या आधी प्रसिद्ध झालेल्या निकालांची पुन्हा मांडणी केली. त्यांचा अंदाज असा की साधारण चार आठवड्यांनंतर उपचार लांबला तर दर दिवशी सुमारे ०.६ ग्रे जास्त लागतात, आणि तेही फक्त होतं तिथेच राहण्यासाठी. काकांचे दहा दिवस: १० × ०.६ = ६ ग्रे. म्हणजे तीन फ्रॅक्शन पाण्यात. बावीस शेक घेऊन आलेला माणूस हिशेबाने एकोणिसावर आला.

इथे एक शंका यायला हवी. विदर्स यांनी जुन्या नोंदी पाहिल्या होत्या. ज्यांचा उपचार लांबला ते आधीच जास्त आजारी असतील, म्हणून त्यांचा निकाल वाईट लागला असेल. तसं असेल तर दोष खंडाचा की आजाराचा? ही शंका फेडायला यादृच्छिक चाचणी लागते, म्हणजे कोण कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांत अशी चाचणी केली. सुमारे ९०० रुग्ण होते आणि निकाल २०१० मध्ये आला. दोन्ही गटांना डोस तेवढाच, फ्रॅक्शन तेवढेच. फरक एकच: एका गटाला आठवड्याला पाच शेक, दुसऱ्याला सहा. पाच वर्षांनी डोके-मानेतला आजार आटोक्यात राहिलेले रुग्ण पहिल्या गटात ३० टक्के आणि दुसऱ्यात ४२ टक्के. एका औषधाचाही फरक नव्हता, फक्त आठवडाभराने लवकर संपलं. ते रुग्ण ऑपरेशनशिवाय फक्त रेडिएशन घेणारे होते, तेव्हा काकांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वेळ हाही डोसचाच भाग आहे, हे त्यातून पक्कं होतं.

म्हणूनच ब्रिटनच्या रेडिओलॉजिस्ट संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत डोके-मानेच्या अशा रुग्णांचा उपचार ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू नये असं सांगितलं आहे. खंड पडलाच तर शनिवारी शेक देतात, किंवा एका दिवसात दोन देतात आणि त्या दोनमध्ये किमान सहा तास ठेवतात. सहा तास का? पुन्हा तेच, निरोगी ऊतीच्या दुरुस्तीसाठी. काकांचं असंच झालं. डॉक्टर आधी रागावले, मग हिशेब नव्याने मांडला. काका आठवडाभर नागपुरातच धर्मशाळेत राहिले.

मग पाच दिवसांत कुठेच होत नाही का?

होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये. तिथे गाठीचं अल्फा-बीटा गुणोत्तरही ३ ते ४ च्या आसपास, म्हणजे निरोगी ऊतीच्या जवळ येतं. मग छोट्या फ्रॅक्शनचा खास फायदाच उरत नाही. हे ओळखून ब्रिटनमध्ये एकामागून एक चाचण्या झाल्या. स्टार्ट-बी चाचणीत २५ फ्रॅक्शनमध्ये ५० ग्रे विरुद्ध १५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे असा सामना होता. दहा वर्षांनी त्याच भागात आजार उलटण्याचं प्रमाण ५.५ विरुद्ध ४.३ टक्के निघालं. कमी फेऱ्यांत काही बिघडलं नाही.

पुढे फास्ट-फॉरवर्ड चाचणी झाली: ९७ रुग्णालयं, ४०९६ रुग्ण, २०२० मध्ये निकाल. आता १५ फ्रॅक्शनची तुलना एका आठवड्यातल्या पाच फ्रॅक्शनशी. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही चाचणी मुळातून वाचावीच. कारण इथे प्रश्न 'नवीन पद्धत जास्त चांगली आहे का?' असा नाही. प्रश्न आहे 'नवीन पद्धत फार वाईट तर नाही ना?' अशा चाचणीला नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणी म्हणतात. 'फार' म्हणजे किती, हे आधीच ठरवून लिहून ठेवावं लागतं. १५ फ्रॅक्शनच्या गटात पाच वर्षांत २ टक्के जणींत आजार उलटेल असा अंदाज होता. नव्या पद्धतीत त्यावर १.६ टक्के बिंदूंपेक्षा जास्त वाढ चालणार नाही, अशी रेघ त्यांनी आखली.

निकाल: १५ फ्रॅक्शनमध्ये २.१ टक्के, पाच फ्रॅक्शनमध्ये २६ ग्रे दिले तेव्हा १.४ टक्के. फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल उणे १.३ ते अधिक ०.३. वरचं टोक ०.३, रेघ १.६ वर. पास. तिसऱ्या गटाला पाच फ्रॅक्शनमध्ये २७ ग्रे दिले होते. आजार तिथेही आटोक्यात राहिला, पण पाच वर्षांनी स्तनाच्या किंवा छातीच्या ऊतीत मध्यम किंवा तीव्र बदल १५.४ टक्के जणींत दिसले. २६ ग्रेला ते ११.९ आणि १५ फ्रॅक्शनला ९.९ टक्के होते. सबंध उपचारात फक्त एका ग्रेचा फरक! म्हणून २६ ग्रे निवडले गेले.

आता लाखांदूर किंवा तुमसरच्या बाजूच्या एखाद्या मावशींचा विचार करा. २५ च्या जागी ५ फेऱ्या म्हणजे वीस दिवसांची मजुरी, वीस दिवसांचं भाडं आणि सोबत येणाऱ्या लेकाचे वीस दिवस वाचले. पण ब्रिटनमधला निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लावता येईल का? आपल्याकडे बऱ्याच बायका उशिरा येतात, आजार पुढे गेलेला असतो. म्हणून इथेही चाचण्या हव्यात. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने याच प्रश्नावर हायपोर्ट-अ‍ॅडज्युवंट नावाची चाचणी हाती घेतली आहे.

तुमच्यासाठी यात काय आहे

पुष्कळ विद्यार्थी विचारतात, "मॅडम, टॉपिक कुठून आणायचा?" मला वाटतं, तो साकोलीच्या एसटीत आहे. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक रुग्ण रेडिएशनसाठी नागपूर गाठतात. भंडारा शहरापासून ते साठेक किलोमीटर, साकोलीहून शंभराच्या आसपास. ग्लोबोकॅन २०२२ नुसार भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. गावागावातल्या पानठेल्यावर खर्रा घोटताना बघणाऱ्याला त्याचं नवल वाटू नये. आणि वेळेच्या खंडाने ज्याचा निकाल बिघडतो, तोच हा कॅन्सर.

तर प्रश्न असा मांडता येईल: तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत (कोण), रोज दुरून येणाऱ्यांचा (काय), रुग्णालयाजवळ राहणाऱ्यांच्या तुलनेत (कुणाशी तुलना), उपचाराचा एकूण काळ किती दिवसांनी लांबतो (कुठला परिणाम)? एवढ्या चार कंसांत बसला की तो प्रश्न झाला. 'ग्रामीण भागातील कॅन्सर: एक अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ते फक्त शीर्षक आहे.

पण तीन खड्डे आधीच बघून ठेवा.

पहिला, अंतर एकटं येत नाही. दुरून येणारा माणूस बहुधा गरीबही असतो, उशिराही आलेला असतो, उपचारादरम्यान त्याचं खाणंही कमी असतं. खंडाचं कारण एसटी की सोललेलं तोंड, हे वेगळं करावं लागेल. काकांच्या बाबतीत दोन्ही होतं आणि वर धानही होतं.

दुसरा, जे उपचार सोडून गेले त्यांची फाइल अर्धी राहते. तुम्ही फक्त पूर्ण झालेल्या फाइल्स मोजल्या तर ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा तेच अभ्यासातून गळतील.

तिसरा सगळ्यात फसवा आहे. नॉन-इन्फिरिऑरिटी चाचणीत ढिसाळपणाचा फायदा नव्या पद्धतीला होतो. दोन्ही गटांतल्या बऱ्याच रुग्णांनी उपचार अर्धवट घेतला तर दोन्ही गट सारखेच दिसू लागतात, आणि 'फरक नाही' असा निष्कर्ष निघतो. म्हणून अशा चाचणीत ज्यांनी उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण घेतला त्यांचं विश्लेषण वेगळं करून बघतात. पेपर वाचताना ते शोधायची सवय लावा.

आणि रुग्णांची कुठलीही नोंद हातात घेण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी. 'नुसत्या जुन्या फाइल्स तर बघायच्या आहेत' म्हणून ती टळत नाही.

काका सध्या बरे आहेत. दर काही महिन्यांनी तपासणीला जातात, तोंड अजून कोरडं पडतं, तिखट चालत नाही. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "पाह्य, दहा दिवस चुकवले तरी काय झालं?" मी त्यांना सांगितलं की काका, एका माणसावरून असं ठरवता येत नाही. त्याच दहा दिवसांनी शंभरातल्या कुणाचं तरी बिघडतं, फक्त तो माणूस एसटीत आपल्याला भेटत नाही. ते हसले. मग म्हणाले, "मंग मोजून ठेव ना माय."

मोजायलाच बसले आहे.